धुराचा अलार्म नुसता टांगून भागत नाही: कोकणातल्या घरांसाठी तपासणी आणि देखभाल

बटण दाबलं, भोंगा वाजला, की बहुतेक जण समाधानाने स्टुलावरून खाली उतरतात. पण बटणामुळे कळतं ते इतकंच: बॅटरीत जीव आहे, सर्किट चालू आहे, भोंगा शाबूत आहे. जाळीतून धूर आत शिरतो की नाही याबद्दल बटण काही सांगत नाही, आणि कोकणात घोटाळा नेमका तिथेच होतो. जाळीत कोळिष्टक, कप्प्यात बारीक किडे, बॅटरीच्या पट्टीवर हिरवट गंज, आणि बाहेरून डबी मात्र पांढरीशुभ्र. म्हणून इथल्या घरात तपासणी म्हणजे दोन वेगळी कामं धरावीत. एकदा आवाज तपासायचा, आणि एकदा धुराची वाट.

अग्निशमन दलाच्या गाड्या असतात नगरपालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या ठिकाणी. पाखाडी उतरून जावं लागतं अशा वाडीत गाडी दारापर्यंत येतच नाही. घराला लाकडी वासे, माळ्यावर सुकं खोबरं, सोडणं, शेणी, पेंढा. आग लागलीच तर पहिली काही मिनिटं घरातल्यांच्याच हातात असतात, आणि ती मिळवून देणं एवढंच या डबीचं काम.

विकत घेताना

‘स्मोक डिटेक्टर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक स्वतःच वाजणारा घरगुती अलार्म: आत बॅटरी, आत भोंगा. दुसरा मोठ्या इमारतींत आगीचे इशारे एका जागी दाखवणाऱ्या पॅनेलला जोडायचा डिटेक्टर: त्याला पॅनेलमधून साधारण २४ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्यात बहुधा भोंगा नसतोच. दिसायला दोन्ही सारखे, आणि दुसरा बऱ्याचदा स्वस्त. तो घरी आणून छताला लावला तर नुसती शोभा. वर्णनात बॅटरीचा प्रकार आणि ‘८५ डेसिबल’ असं काही लिहिलं नसेल तर तो घेऊ नका. घरगुती अलार्मचा आवाज ३ मीटरवर किमान ८५ डेसिबल असायला हवा.

धुराच्या अलार्ममध्ये फोटोइलेक्ट्रिक प्रकारच घ्या. त्याच्या काळ्या कप्प्यात एक छोटा दिवा असतो आणि त्याच्या उजेडाच्या वाटेतून बाजूला बसवलेला एक सेन्सर. एरवी उजेड सेन्सरवर पडत नाही. धूर शिरला की उजेड विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. कौलांमधल्या काचेतून आलेल्या कवडशात धूळ चमकताना दिसते, तसंच हे. एवढं समजलं की पुढची सगळी देखभाल समजते, कारण वाफ, पीठ, धूळ, मुंगी, हे सगळं त्या यंत्राला धुरासारखंच दिसतं.

आयोनायझेशन हा दुसरा प्रकार. त्यात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा सूक्ष्म अंश असतो. परदेशातून कोणी नातेवाइकाने आणलेला असेल तर तो उघडू, फोडू किंवा जाळू नका. गादी, दोरखंड, सोडणं यांसारख्या आतल्या आत धुमसणाऱ्या आगीत तो फोटोइलेक्ट्रिकपेक्षा उशिरा जागा होतो, आणि आपल्याकडच्या घरांत धोका बहुतेक अशाच आगींचा.

उष्णतेचा अलार्म वेगळा. त्याला धूर कळत नाही, फक्त तापमान कळतं. घरगुती मॉडेलं साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला वाजतात. काही मॉडेलं तापमान झपाट्याने, म्हणजे मिनिटाला साधारण ८ अंशांनी, चढू लागलं तर त्याआधीच वाजतात. स्वयंपाकघरात हाच लावायचा. चूल पेटताना, सुरमई तळताना किंवा मिरचीची फोडणी बसताना धुराचा अलार्म रोज बोंबलेल आणि चौथ्या दिवशी कोणीतरी त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घालेल. पण उष्णतेचा अलार्म उशिरा वाजतो हे विसरू नका. झोपायच्या जागेजवळ तो धुराच्या अलार्मची जागा घेऊ शकत नाही.

गॅसगळती यांपैकी कशालाच कळत नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून गॅसगळतीचा अलार्म जमिनीपासून फूटभराच्या आत लावतात. सिलिंडरच्या गॅससाठीचा अलार्म कुठे छताला लावलेला दिसला तर खाली आणा.

जागा ठरवताना

स्लॅबच्या घरात काम सोपं. बेडरूमच्या बाहेरच्या बोळात एक, प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, आणि जिना असेल तर जिन्याच्या वरच्या छताला एक. शक्यतो छताच्या मधोमध. भिंतीच्या आणि छताच्या कोपऱ्यात हवा अडून राहते, म्हणून भिंतीपासून निदान ३० सेंटीमीटर सोडा. भिंतीवरच लावायचा असेल तर छताखाली १० ते ३० सेंटीमीटरच्या पट्ट्यात. चुलीपासून, शेगडीपासून आणि न्हाणीघराच्या दारापासून ३ मीटर. पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून आणि एसीच्या झोतापासून किमान १ मीटर.

ट्यूबलाइटपासूनही तेवढंच अंतर ठेवा, हा आमचा आग्रह. काही माहितीपत्रकांत दिव्यापासून ३० सेंटीमीटर पुरे असं लिहिलेलं असतं. पण पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, ती ट्यूबभोवती घोंघावते, तिच्यामागे पाल येते, आणि पालीला दिवसा दडायला अलार्मची डबी फार सोयीची पडते.

कौलारू घरात विचार करावा लागतो. माजघरावर फळ्यांचा माळा असेल तर त्या फळ्यांच्या खालच्या बाजूला अलार्म लावा, काम झालं. माळ्यावर सामान साठवत असाल तर माळ्यावर दुसरा. जिथे माळा नाही, थेट कौलं दिसतात, तिथे धूर आढ्याकडे जातो आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. अगदी आढ्याला, टोकाच्या १० सेंटीमीटरमध्ये, हवा साचून राहते. तिथे लावू नका. त्याखाली ९० सेंटीमीटरच्या आत दोन वाशांमध्ये एक सपाट फळी आडवी ठोका आणि तिला अलार्म लावा. तिथवर लांब काठीने पोचता आलं पाहिजे. पोचता येत नाही तो अलार्म कोणी तपासत नाही, त्यामुळे आढं फार उंच असेल तर थोडा खाली पण हाताशी असलेला अलार्म आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. नुसत्या तुळईच्या पोटाला मात्र ठोकू नका. धूर तुळईच्या दोन्ही बाजूंनी वर निघून जातो.

पत्र्याच्या छपराला थेट चिकटवणं चूकच. मे महिन्यात दुपारी पत्र्यालगतची हवा इतकी तापते की उष्णतेचा अलार्म उगाच वाजू शकतो. धुराच्या अलार्मवरही वापराची तापमान मर्यादा छापलेली असते, बहुतेकांवर ३८ ते ४५ अंशांच्या दरम्यान. पत्र्याखाली प्लायची छतपट्टी असेल तर तिच्या खालून लावा, नसेल तर हातभर खाली टांगलेल्या फळीवर.

लावायला दोन स्क्रू, दोन प्लास्टिकचे गिट्टे आणि ६ मिलिमीटरचं ड्रिल लागतं. चिऱ्याच्या भिंतीत गिट्टा सैल बसतो, कारण जांभा भुगा होऊन सुटतो. थोडा मोठा गिट्टा घ्या किंवा भोकात लाकडी खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू फिरवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. साधे स्क्रू खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात आणि डबी फिरवून काढायला गेलं की छताला ठोकलेल्या पट्टीसकट हातात येते. आणि हो, दुहेरी टेपवर भरवसा ठेवू नका. जुलैत ती सुटतेच.

महिन्याची तपासणी

एक ठरलेला दिवस धरा. संकष्टी लक्षात राहते, वीजबिल भरायचा दिवसही चालेल. घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना आधी सांगा.

१. डबीवरचा बारीक दिवा बघा. बहुतेक मॉडेलांत तो ३० ते ६० सेकंदांतून एकदा लुकलुकतो. अजिबात लुकलुकत नसेल तर बॅटरी सुटलेली किंवा संपलेली आहे.

२. झाडूच्या दांड्याने ‘टेस्ट’ बटण दाबून ५ ते १० सेकंद धरा. टोकाला फडकं गुंडाळा, नाहीतर बटण आत रुतून बसतं.

३. आवाजाची लय ऐका. धुराच्या अलार्मची नेहमीची खूण म्हणजे तीन लांब आवाज, मध्ये विश्रांती, पुन्हा तीन. चार-चारच्या पुंजक्यात वाजत असेल तर ते बहुधा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचं यंत्र आहे.

४. आता खरी परीक्षा. एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने झोपायच्या प्रत्येक जागी जायचं, दार लावून, पंखा फुल्ल करून. ओटीवर किंवा पडवीत झोपणारे आजी-आजोबा असतील तर तिथेही. ऐकू येतं का? पत्र्यावर आषाढातला पाऊस पडत असताना एकदा तरी हे करून बघा. उन्हाळ्यात खणखणीत वाटणारा भोंगा तेव्हा पलीकडच्या खोलीत पोचत नाही.

५. जोडलेले अलार्म असतील, म्हणजे एक वाजला की सगळे वाजणारे, तर प्रत्येकाचं बटण वेगवेगळं दाबा आणि बाकीचे वाजतात का ते बघा. चिऱ्याच्या जाड भिंती बिनतारी सिग्नल बराच कमी करतात. एखादा गप्प राहिला तर त्याची जागा दोन-तीन फूट सरकवून पुन्हा बघा.

६. तारीख लिहा. डबीच्या कडेला छोट्या मार्करने लिहिली तरी पुरे.

वयस्करांच्या बाबतीत थोडं जास्त. नेहमीचा भोंगा साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे चिरका असतो, आणि वयाबरोबर कमी होतो तो नेमका हाच वरचा आवाज. ५२० हर्ट्झचा जाडा आवाज करणारे अलार्म मिळतात, झोपलेल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ते जास्त चांगलं जागं करतात. ते मिळत नसतील तर जोडलेल्या अलार्मपैकी एक त्यांच्या खाटेच्या खोलीतच लावा.

धुराची वाट: सफाई आणि खरी चाचणी

माहितीपत्रकं वर्षातून एकदा-दोनदा सफाई सांगतात. किनारपट्टीवर तीन वेळा करा: मे अखेरीस, भाजावळीचा धूर आणि शाकारणीची धूळ संपल्यावर, गणपतीच्या आठवडाभर आधी, आणि दिवाळीनंतर.

डबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पट्टीतून सोडवा. वीजजोडणीचा अलार्म असेल तर आधी मेन स्विच बंद करा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर मऊ ब्रशचं तोंड लावून सगळ्या खाचा चहूबाजूंनी ओढून घ्या. नसेल तर रंगकामाचा नवा कोरडा मऊ ब्रश आणि कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा पुरतो. तोंडाने फुंकू नका, फुंकरीत ओलावा असतो. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर नकोच, तीत तेल आणि पाणी असतं आणि जोरही फार. बाहेरची डबी ओलसर फडक्याने पुसा, पण पाणी, साबण, स्पिरिट, झुरळांचा स्प्रे यांतलं काहीही खाचांत जाता कामा नये. आतला काळा कप्पा उघडायचा नसतो. त्याच्या भिंतींचा कोन बिघडला की यंत्र आंधळं होतं किंवा सतत वाजतं.

खाचांत टॉर्च मारून नीट बघा. कोळिष्टक सहज दिसतं. मुंग्यांची अंडी पांढऱ्या रव्यासारखी दिसतात. कुंभारीण माशी तर चिखलाचं घर थेट खाचेवर किंवा मागच्या वायरच्या भोकात बांधते, आणि तेवढी बाजू पूर्ण बंद होते. चिखल कोरडा असताना लाकडी काडीने अलगद सोडवा. तुकडे आत पडले आणि फुग्याने निघाले नाहीत तर नवा अलार्म घ्यावा, हे बरं. मुंग्या परत येऊ नयेत म्हणून छतातलं वायरचं भोक पुटीने बुजवा. खडूच्या किंवा पावडरच्या कीटकनाशकाची रेघ पट्टीच्या बाहेर, वीतभर लांब ओढा. डबीवर नाही.

सफाईनंतर खरी चाचणी. अलार्म तपासायचा धूर-स्प्रे डब्यात मिळतो, तालुक्याच्या दुकानात क्वचित, मागवला तर येतो. डब्यावर लिहिलेल्या अंतरावरून, साधारण दोन-तीन फुटांवरून, खाचांच्या दिशेने एक-दीड सेकंद उडवा आणि थांबा. दहा-वीस सेकंदांत वाजला पाहिजे. नाही वाजला तर सफाई करून पुन्हा एकदा. तरीही गप्प असेल तर बटणाला तो कितीही छान वाजत असला तरी टाकून द्या.

उदबत्ती धरून तपासायची पद्धत सर्रास आहे. उदबत्तीचा चिकट अंश कप्प्यात बसतो आणि पुढे तोच उगाच वाजण्याचं कारण होतो. काडेपेटी, मेणबत्ती, जळता कागद अजिबात नको. प्लास्टिक वितळतं, आणि आग तपासायला निघून आग लावल्याची वेळ येते. डिओडरंटही नको.

उष्णतेचा अलार्म महिन्यातून एकदा बटणानेच तपासावा. हेअर ड्रायरने तपासणं काही कंपन्यांना चालतं, काहींना नाही. पत्रकात परवानगी असेल तरच, फूटभर अंतरावरून, आणि वाजताक्षणी ड्रायर बाजूला. पॅनेलला जोडलेल्या जुन्या डिटेक्टरांत वितळणारी धातूची टिकली असू शकते. तिला एकदा गरम केलं की तो डिटेक्टर कामातून गेला. त्याला हात लावू नका.

रंग काढताना, भिंत घासताना किंवा शाकारणी चालू असताना डबीवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि त्याच संध्याकाळी काढा. काम चार दिवसांचं असेल तर रोज बांधा, रोज काढा. डबीवर रंगाचा हात मात्र कधीच मारू देऊ नका. रंगारी छताबरोबर तिलाही रंगवून मोकळे होतात, आणि खाचा कायमच्या बुजतात.

बॅटरी

दर मिनिटाला एकदा ‘टिक’ किंवा ‘चिक्’ असा तुटक आवाज म्हणजे बॅटरी उतरली. हा आवाज हमखास पहाटे सुरू होतो, कारण हवा गार झाली की उतरत्या बॅटरीचं व्होल्टेज आणखी खाली जातं. दिवसा तो थांबला म्हणून बॅटरी सुधारली असं होत नाही.

डबीवर छापलेला प्रकारच घाला: ९ व्होल्टची चौकोनी, किंवा डबल ए, किंवा लिथियमची सीआर १२३ ए. अल्कलाइन किंवा लिथियम. वाण्याकडची स्वस्त कार्बन-झिंक बॅटरी दमट हवेत पाझरते आणि पट्ट्या खाऊन टाकते. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या नकोत. त्या वापर नसतानाही उतरतात आणि यंत्राचा अंदाज चुकवतात. बदलायची तारीखही ठरवून टाका. गणपतीच्या सफाईबरोबर दर वर्षी नवी, जुनीत जीव असला तरी. जुनी भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये जाऊ दे.

बॅटरी काढल्यावर टेस्ट बटण १५ ते २० सेकंद दाबून धरा. आत उरलेला चार्ज निघून जातो. हे न केल्यामुळे नवी बॅटरी घालूनही ‘चिक् चिक्’ चालू राहतं आणि लोक यंत्राला दोष देतात. पट्ट्यांवर पांढरी किंवा हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर कानातल्या कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, तासभर वाळू द्या, मग बॅटरी घाला. पट्टी पातळ झाली असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. खोबरेल लावून गंज थांबवायची युक्ती इथे चालत नाही, तेलावर धूळ बसते.

९ व्होल्टच्या जुन्या बॅटरीची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात. ती किल्ल्यांच्या, खिळ्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि टोकं जुळली तर तापून पेट घेऊ शकते. टोकांवर चिकटपट्टी लावून मगच बाजूला ठेवा.

१० वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेले अलार्म मिळत असतील तर किनाऱ्याजवळच्या घराला आम्ही तेच सुचवू. बॅटरीचं दार नाही, त्यामुळे खारी हवा पट्ट्यांपर्यंत कमी पोचते आणि बॅटरी काढून रिमोटमध्ये घालायचा मोहही उरत नाही.

वीजजोडणीचा अलार्म वायरमनकडूनच बसवून घ्या आणि त्याची वायर स्विचवर घेऊ देऊ नका. मूल खेळताना तो बंद करेल आणि कळणारही नाही. आत राखीव बॅटरी हवीच. वळवाच्या वाऱ्यात तार तुटली की वीज रात्रभर जाते, आणि नेमक्या त्याच रात्री समया, मेणबत्त्या लागतात.

उगाच वाजतोय

बॅटरी काढण्याआधी कारण शोधा. हश बटण असेल तर ते दाबा. यंत्र साधारण ८-१० मिनिटं कमी संवेदनशील होतं आणि मग आपोआप पूर्ववत. धूर दाट असेल तर हश असूनही वाजतं, ते योग्यच.

एसीच्या खोलीतला अलार्म जुलैत सकाळी दार उघडल्याबरोबर वाजत असेल तर तो दवाचा प्रकार. रात्रभर गार झालेल्या डबीवर बाहेरची दमट हवा आली की आत पाणी साकळतं. बहुतेक अलार्म सुमारे ९३ टक्के आर्द्रतेपर्यंत चालतात, पण अट अशी की पाणी साकळता कामा नये. जागा बदला, एसीच्या झोतापासून आणि दारापासून दूर. पहिल्या पावसात स्लॅब ओल धरतो, त्या डागाखालचा अलार्मही हलवा.

भाजावळीच्या दिवसांत किंवा रानात वणवा पेटला की बाहेरचा धूर घरात येतो. खिडक्या लावा, हश दाबा. पण एकदा अंगणात येऊन बघा, कारण वणवा काजूच्या बागेतून घराच्या मागच्या पडवीपर्यंत आलेला असू शकतो. अंगणात काजूबिया भाजत असाल तर वाऱ्याच्या दिशेची दारं बंद ठेवा. टरफलाच्या तेलाचा तो धूर तिखट आणि तेलकट असतो, कप्प्यात चिकटतो, आणि साध्या ब्रशने निघत नाही.

गणपतीत घरात दिवसभर धूप, कापूर, उदबत्ती, आणि आरतीला तीस माणसं. अलार्म मखरापासून ३ मीटरवर हवा, आणि आरतीपुरता हश. पाच-सात दिवसांसाठी काढून ठेवायची पद्धत वाईट, कारण वर्षातला सगळ्यात जास्त धोका त्याच दिवसांत असतो: कापडी मखर, एकाला एक जोडलेल्या दिव्यांच्या माळा, रात्रभर तेवणारी समई. पेटती वात उंदीर ओढून नेतो ही नुसती सांगोवांगी नाही. समईला काचेची चिमणी किंवा जाळी लावा. अलार्म काढावाच लागला तर शेजारच्या खोलीच्या छताला लावा, कपाटात नको.

डासांसाठी कडूनिंबाची किंवा शेणीची धुरी करत असाल तर ती पडवीत करा. झोपायच्या खोलीत रोज धुरी असेल तर तिथे धुराचा अलार्म टिकणारच नाही. तिथे मच्छरदाणी आणि अलार्म ही जोडी बरी.

बंद घर

चाकरमान्यांची घरं मेपासून गणपतीपर्यंत आणि गणपतीपासून शिमग्यापर्यंत कुलपात असतात. वायफायवर मोबाइलला संदेश पाठवणारे अलार्म यासाठी लोक घेतात. पण निघताना मेन स्विच बंद केला की राउटर बंद, आणि राउटर बंद म्हणजे संदेश बंद. अलार्म तरीही वाजेल, पण ऐकणार कोण? ३ मीटरवरचे ८५ डेसिबल अंतर दुप्पट झालं की उघड्यावर सुमारे ६ डेसिबलने उतरतात. २४ मीटरवरच्या शेजाऱ्याकडे ६७ उरतात, आणि मधल्या भिंती, झाडं, पाऊस त्यातूनही वजा. वायफायचा उपयोग हवा असेल तर राउटरची एक वेगळी लाइन चालू ठेवा आणि बाकीचे एमसीबी पाडा.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी, चूल किंवा शेगडी पेटवण्याआधी, बटण दाबा, खाचांत टॉर्च मारा, बॅटरीचं दार उघडून पट्ट्या बघा. बंद घरात ओल आणि किडे दोन्ही वाढतात. घराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना ‘चिक् चिक्’ म्हणजे काय ते समजावून ठेवा. नाहीतर ते बिचारे त्रासून अलार्म उतरवून ठेवतात, आणि तुम्हाला महिन्यांनी कळतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

रत्नागिरी, चिपळूण, अलिबागच्या सोसायट्यांत जिन्यात आणि पार्किंगमध्ये पॅनेलला जोडलेली यंत्रणा असते. तिची देखभाल ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ खाली सोसायटीची जबाबदारी आहे. ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे, त्यांना परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘बी’ नमुन्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. सभेत ते मागा. पॅनेलवर पिवळा ‘फॉल्ट’ दिवा महिनोन्महिने पेटलेला असणं, किंवा भोंगा ‘सायलेन्स’वर ठेवलेला असणं, हे दोन प्रकार जाता-येता कोणालाही दिसू शकतात. ती यंत्रणा असली तरी स्वतःच्या फ्लॅटच्या आत वेगळा अलार्म लागतोच.

वाजला तर

आधी माणसं बाहेर, मग बाकी सगळं. दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम असेल तर दुसरीकडून. धुरात ओणवं चाला, खालची हवा बरी असते. बाहेर एक ठरलेली जागा हवी, तुळशीवृंदावन किंवा विहिरीचा कठडा, म्हणजे माणसं मोजता येतात. मग १०१ किंवा ११२. गॅसगळतीसाठी १९०६. गॅसचा वास येत असेल तर कुठलाही स्विच चालू किंवा बंद करू नका, अलार्मचं बटणही नाही.

रात्री पुढच्या-मागच्या दारांना आतून कुलूप लावायची सवय असेल तर किल्ली दाराशेजारीच खिळ्याला टांगा, मुलांच्या हाताला येईल अशी. खिडक्यांना गज आहेत, त्यामुळे दार हीच वाट. वर्षातून एकदा, तपासणीचं बटण दाबून, दिवे बंद करून, सगळ्यांना बाहेर यायला सांगा. कुठली कडी पावसात फुगून अडकते ते तेव्हाच कळतं.

कधी बदलायचा

डबीच्या मागे निर्मितीची तारीख छापलेली असते. तिथपासून १० वर्षं झाली की अलार्म बदला, वाजत असला तरी. खरेदीची तारीख धरू नका, माल दुकानात दोन-दोन वर्षं पडलेला असतो. समुद्र दिसतो अशा घरात सातव्या वर्षापासून सफाईनंतरची धूर-स्प्रेची चाचणी एकदाही चुकवू नका आणि पहिल्या अपयशाला निरोप द्या. पाणी गेलेला, पुरात बुडालेला, रंगवलेला किंवा एकदा खऱ्या आगीच्या धुरात सापडलेला अलार्म वय न बघता बदलायचा.

जुना फोटोइलेक्ट्रिक अलार्म बॅटरी काढून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. आयोनायझेशनचा असेल, म्हणजे मागे किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. तो बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीलाच परत करा.